डर्बीच्या रविवारची पहिली रेस

फेब्रुवारीचा पहिला रविवार म्हणजे मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर इंडियन डर्बी, घोड्यांची मोठी रेस, १९४३ पासून चालत आलेली. त्या दिवशी लोक नटूनथटून येतात, पण येतात ते संध्याकाळच्या त्या एका २४०० मीटरसाठी. दुपारी पहिली रेस सुटते तेव्हा स्टँडमधल्या कितीतरी खुर्च्या रिकाम्याच असतात. मला सांगायचंय ते त्या पहिल्या रेसबद्दल, कारण त्यात बारक्या नावाचा घोडा पळत होता.

मी घोड्यांची डॉक्टर. परळच्या व्हेटर्नरी कॉलेजातून बाहेर पडले, थोडे दिवस कुत्री-मांजरी केली, मग एका सीनियर सरांबरोबर रेसकोर्सच्या तबेल्यांत जायला लागले ती तिथलीच झाले. नातेवाईक भेटले की विचारतात कुठला घोडा लावू, पण मला त्यातलं खरंच काही कळत नाही, माझं सगळं लक्ष घोड्याच्या गुडघ्याखाली असतं. तिथे स्नायू नसतोच मुळी, नुसतं हाड, टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा दोरखंडासारखा पट्टा) आणि कातडी, आणि साडेचारशे-पाचशे किलोचं जनावर फुल स्पीडला असताना एका पुढच्या पायावर त्याच्या वजनाच्या अडीच पट भार येतो.

बारक्या हे त्याचं रेसकार्डावरचं नाव नाही, तबेल्यातलं. थरोब्रेड, म्हणजे रेसच्या घोड्यांची जात, साधारण सोळा हात उंच असतो (एक हात म्हणजे चार इंच), हा पंधराच्या थोडाच वर. लिलावात स्वस्तात मिळाला होता, बापाचं नाव साधारण, आईनं कधी काही जिंकलेलं नाही. रेसिंगमध्ये सगळ्यांना आठवतो तो एल्युसिव्ह पिंपरनेल, २३ रेसमध्ये २२ जिंकलेला, किंवा स्क्वांडरर, १९ पैकी १८. पण तबेल्यात रोज सकाळी ज्यांच्या पायांना हात लावायचा असतो ते बहुतेक बारक्यासारखे. हा पाच वर्षांचा होत आला तरी मेडनच होता, म्हणजे एकही रेस जिंकलेली नाही. दुसरा, तिसरा, चौथा यायचा, शेवटच्या दोनशे मीटरला कुणीतरी मोठ्या टांगेचा घोडा याला गाठायचाच. तरी पळायचा मात्र कान मागे टाकून जीव तोडून, सकाळी घोडे पळवणारे रायडिंग बॉय सांगायचे की याला चाबूक दाखवावाच लागत नाही.

आदल्या वर्षी मार्चमध्ये, सीझन संपत आला असताना, त्याचा टेंडन गेला. तो सापडला मामांना. मामा म्हणजे त्याचा सईस, त्याची देखभाल करणारे, साताऱ्याकडचे, वय साठीच्या आसपास, सगळे मामाच म्हणतात. घोडा लंगडत नव्हता, सूज दिसत नव्हती, सकाळचं काम नीट करून आला होता. मी दुसऱ्याच घोड्यासाठी आले होते, तर मामांनी थांबवलं, "मॅडम, जरा हिकडं हात लावून बघा, मला गरम लागतंय." मी वाकून डाव्या पुढच्या पायाच्या नळीमागून बोटं खाली आणली, एकदा, दोनदा, मग उजव्या पायाला लावली, परत डाव्याला. फरक इतका बारीक होता की मामा म्हणाले नसते तर मी तिथे थांबलेच नसते. मशीन आणलं, केस काढले, जेल लावून स्कॅन केला. स्क्रीनवर टेंडनचा आडवा छेद पांढरट गोल दिसायला हवा, याच्यात मधोमध काळा डाग होता, जवळजवळ पाव भाग. दोरखंडाचे आतले पेड तुटलेत आणि बाहेरून दोरखंड शाबूत, तसं. पळताना टेंडनच्या गाभ्याचं तापमान ४५ डिग्रीपर्यंत जातं, रक्तपुरवठा तिथे कमी, उष्णता बाहेर पडत नाही, म्हणून हे बहुतेकदा आतूनच सुरू होतं. अजून दोन गॅलप (भरधाव दौडी) झाले असते तर तो ट्रॅकवरच बसला असता.

मग मालकांशी बोलणं. मालक वाईट माणूस नाही हे आधीच सांगते, पण घोडा पळो न पळो दर महिन्याचं बिल येतंच, आणि जो घोडा धड असताना जिंकला नाही त्याच्यावर अजून वर्षभर खर्च कशाला करायचा हा प्रश्न त्यांच्या जागी कुणालाही पडेल. त्यांनी आधी विचारलं की इंजेक्शन देऊन सीझनच्या शेवटच्या एक-दोन रेस होतील का. मी नाही म्हणाले. डोपिंगचे नियम आहेतच, पण ते बाजूला ठेवलं तरी औषधानं दुखणं जातं, तुटलेले तंतू जुळत नाहीत, आणि दुखत नाही म्हणून घोडा तोच पाय अजून जोरात टाकतो. मग ते म्हणाले, "ठीक आहे, मग द्या कुणाला तरी."

या "कुणाला तरी"चा अर्थ आम्हाला सगळ्यांना माहिती असतो. कुणाचं नशीब चांगलं असेल तर रायडिंग स्कूल, नाहीतर लग्नाच्या वराती, नाहीतर हातोहात विकला जाऊन कुठे जातो ते कळतच नाही. मामा दारात उभे राहून ऐकत होते, काही बोलले नाहीत, बारक्याच्या खुराकाची बादली हातात तशीच. मी मालकांना म्हटलं, मला डिसेंबरपर्यंत वेळ द्या, स्कॅनमध्ये सुधारणा दिसली नाही तर मीच सांगेन की सोडून द्या. ट्रेनरही त्याच्या बाजूने बोलले. मालक कसेबसे तयार झाले.

टेंडनला औषध म्हणाल तर ते वेळ आणि शिस्त. सुरुवातीला बर्फ, बँडेज आणि बॉक्समध्ये, म्हणजे तबेल्यातल्या त्याच्या खोलीत, उभं राहणं, मग हातानं धरून चालवणं, दिवसाला दहा मिनिटं, मग पंधरा, मग वीस. थरोब्रेडला दहा मिनिटं चालवून परत बॉक्समध्ये घालणं काय असतं ते ज्यानं केलंय त्यालाच कळतं, त्याला पळायचं असतं, तो दोन पायांवर उभा राहतो, आणि एक उडी चुकीची पडली की महिन्याभराची मेहनत गेली. पावसाळ्यात तबेला पुण्याला हलला, बाकीचे घोडे तिथे रेस पळत होते आणि मामा रेनकोट घालून याला गोल गोल चालवत होते. कधी वैतागलेले दिसले नाहीत. तबेल्यातल्या पोरांनी चिडवलं की मामा तुमचा घोडा फक्त फिरायला जातो, तर म्हणायचे, "फिरू दे की. तुमचं काय जातंय?" मी दर दोन-तीन महिन्यांनी स्कॅन करायचे, काळा डाग राखाडी झाला, मग त्यात तंतूंच्या रेघा दिसायला लागल्या, आधी वेड्यावाकड्या, मग जरा सरळ. मग ट्रॉट (दुडकी चाल), मग हलका कँटर (संथ दौड), मग डिसेंबरात मुंबईला परत आल्यावर पहिला गॅलप. मात्र भरलेला टेंडन पहिल्यासारखा लवचिक कधीच होत नाही, नवीन भाग म्हणजे एक प्रकारचा व्रणच असतो, परत जायची भीती कायम राहते. हे मी मालकांना स्पष्ट सांगितलं होतं.

जानेवारीत एक रेस पळाला, मागूनच आला, पण पाय थंड राहिला, मला तेवढंच हवं होतं. हरत गेल्यामुळे त्याचं रेटिंग, म्हणजे घोड्याला दिलेले गुण, खाली आलं होतं, आणि हँडिकॅप रेसमध्ये पाठीवरचं वजन त्यावरूनच ठरतं. हँडिकॅप म्हणजे काय, तर चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन आणि कमी घोड्याच्या पाठीवर कमी, जॉकी हलका पडला तर सॅडलखाली शिशाच्या पट्ट्या घालतात. सगळ्यांना जिंकायची संधी मिळावी म्हणून हे. तर डर्बीच्या दिवशी त्या १४०० मीटरच्या रेसमध्ये बारक्याच्या पाठीवर जवळजवळ सगळ्यात कमी वजन होतं. आणि भाव इतका लांबचा, म्हणजे तो जिंकेल असं इतकं कुणालाच वाटत नव्हतं, की बुकीसुद्धा त्याचं नाव घाईघाईत लिहून पुढे गेला.

पॅडॉकमध्ये, म्हणजे रेसआधी घोडे फिरवतात तिथे, मामा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून त्याला फिरवत होते. नालबंदानं सकाळी रेसच्या ॲल्युमिनियमच्या नाली ठोकल्या होत्या. मी रेलिंगला उभी राहून फक्त डावा पाय बघत होते, कसा टाकतो, कसा उचलतो.

रेस सुटली. दीड मिनिटाच्या आतला खेळ. या वेळात घोड्याचं हृदय मिनिटाला दोनशेवीसच्या वर जातं, एरवी तेच तीस-चाळीस असतं, आणि तोंडानं श्वास घेता येत नसल्यामुळे जो काय श्वास तो नाकानंच, एका टांगेला एक. बारक्या सुरुवातीला मधोमध अडकला होता, वळणावर मला दिसेनासाच झाला. सरळीला आले तेव्हा जॉकीनं त्याला बाहेर काढला आणि तो पळायला लागला, कान मागे, मान लांब, छोट्या छोट्या टांगा पण भराभर. लोक पुढचा घोडा कुठला ते बघत होते, मी पाय बघत होते, प्रत्येक वेळी डावा पाय जमिनीवर आला की पोटात गोळा येत होता, आता जाईल, आता जाईल. शेवटच्या दोनशेला नेहमीप्रमाणे एक मोठा घोडा बाजूला आला. या वेळी तो मोठा घोडा सहा-सात किलो जास्त वाहत होता. दोघे एकत्र शेवटच्या पोस्टला गेले आणि मला खरंच कळलं नाही कोण जिंकलं, मी नंबरच बघितला नव्हता. माझ्या शेजारी एक आजोबा कार्ड उलटसुलट करत "हा कुठला? हा कुठला?" विचारत होते. मग बोर्डावर नंबर लागला. बारक्या मानेनं, म्हणजे जेमतेम एका मानेच्या अंतरानं, जिंकला होता.

मी ओरडले. किती जोरात ते माहीत नाही, पण आजोबा दचकले.

परत आला तेव्हा मामा ट्रॅकवर धावत गेले, साठीचा माणूस, लगाम धरला आणि पहिल्यांदा काय केलं असेल तर वाकून डाव्या पायाला हात लावला. विनर्स एन्क्लोजरमध्ये मालक, त्यांच्या मिसेस, मुलं, सगळे फोटोला, मामा घोड्याचं तोंड धरून बाजूला. मालकांच्या धाकट्या मुलीनंच मामांना हाताला धरून मध्ये ओढलं.

नंतर सॅम्पल. जिंकणाऱ्या घोड्याची डोप टेस्ट होते, त्यासाठी लघवी लागते, आणि पळून घाम गाळलेला घोडा काही लगेच करत नाही. सईस लोक शिट्टी वाजवतात त्यासाठी, एक लांब हळू शिट्टी, लहानपणापासून त्या आवाजाची सवय लावलेली असते. मी बाहेर उभी होते. बाहेर दुसरी रेस झाली, तिसरी झाली, आता स्टँड भरला होता, बँड वाजत होता आणि आत मामांची शिट्टी चालूच. बारक्या पाणी पितोय, गवत खातोय, इकडेतिकडे बघतोय, बाकी काही नाही. मामा बाहेर आले तेव्हा शिट्टी वाजवून वाजवून ओठ सुकले होते. मला म्हणाले, "मॅडम, रेस लवकर संपली, ह्येच लांबलं." मग डर्बी झाली, ती मी कशीबशीच बघितली.

दुसऱ्या दिवशी पहाटे गेले. मामांनी आधीच बँडेज सोडून ठेवलं होतं. दोन्ही पायांना हात लावला, दोन्ही सारखेच थंड. आठवड्याभरानं स्कॅन केला, रेघा जशा होत्या तशाच. ट्रेनर म्हणाले सीझन संपायच्या आत अजून एक एंट्री करता येईल, रेटिंग वाढलं तरी चालेल. मी म्हटलं एवढ्यात नको, पुढचा स्कॅन बघून ठरवू. सगळ्यांनी मालकांकडे बघितलं, आणि ते म्हणाले, "डॉक्टर आणि मामा ठरवतील."

त्या पावसाळ्यात तो पुण्याला दोनदा प्लेस झाला, म्हणजे पहिल्या काही घोड्यांत आला. पुढच्या वर्षी आम्ही त्याला रिटायर केला, पाय धड असतानाच, आणि आता तो एका रायडिंग स्कूलमध्ये मुलांना शिकवतो. उंची कमी असल्यामुळे नवशिकी मुलं त्याच्यावर घाबरत नाहीत, त्यामुळे वेटिंग असतं म्हणे. मामा सुट्टीच्या दिवशी गूळ घेऊन जातात, आणि तिथल्या सईसाला डावा पाय रोज कसा तपासायचा ते परत परत सांगून येतात.