तुम्ही विचारलंत म्हणून: घरी कोणाचं नेट घेऊ?

"भाऊ, घरी कोणाचं नेट घेऊ?" नुसतं कंपनीचं नाव सांगून हा प्रश्न सुटत नाही. जळगावात सुरळीत चालणारी कंपनी चोपड्यात रडवू शकते, कारण गल्लीत वायर ओढणारा आणि तुटली की जोडणारा माणूस ठिकाणागणिक बदलतो. म्हणून आधी तुमच्याच खांबावरून कनेक्शन घेतलेल्या दोन शेजाऱ्यांना गाठा. स्पीड विचारू नका, तो सगळेच फुगवून सांगतात. वादळात वायर तुटली तेव्हा किती दिवसांनी जोडली, ते विचारा. आणि लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर नेट चालतं का? घरातला डबा (नेटचा मोडेम-राउटर) चालू असूनही नेट जात असेल, तर बहुधा गल्लीतल्या पेटीतल्या स्विचला, म्हणजे घराघरात नेट वाटणाऱ्या यंत्राला, बॅटरीचा बॅकअप नाही. मग तुम्ही डब्यासाठी 12 व्होल्टचा मिनी यूपीएस (छोटी बॅटरी) आणून काही फायदा नाही.

फायबर जोडणारा निघायच्या आत त्याला वायरीतून येणारा उजेड मोजणारा पॉवर मीटर लावायला सांगा. आकडा डीबीएम या मापात, उणे येतो. उणे 15 ते उणे 23 असेल तर निश्चिंत राहा. उणे 25 च्या पलीकडे (उणे 26 वगैरे) असेल तर आज चालेल, पण पुढे जोड जरा ढिला पडला की डब्यावरचा एलओएसचा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लागलाच; उणे 27 च्या आसपास बहुतेक डबे लाइन सोडतात. कारण सहसा साधं असतं: टोक नीट कापलेलं नाही, हाताने बसवलेला कनेक्टर सैल आहे, किंवा वायर खिळ्यापाशी करकचून वळवली आहे. आत काचेचा तंतू आहे. वळण निदान चहाच्या कपाच्या तोंडाएवढं मोकळं हवं. खिडकीच्या फटीत वायर दाबू देऊ नका.

डबा पत्र्याखाली टांगू नका. भुसावळच्या मे महिन्यात तो तापून आपोआप बंद-चालू होतो आणि शिव्या मात्र कंपनीला बसतात. धाब्याच्या घरात भिंती जाड मातीच्या. 5 गिगाहर्ट्झचं वायफाय तिथे एका भिंतीतच दम सोडतं. मागच्या खोलीत नेट हवं असेल तर कॅट 6 (नेटची तांब्याची) वायर ओढून दुसरा राउटर लावा.

प्लॅनचं थोडक्यात: 100 एमबीपीएस म्हणजे डाउनलोडला सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबी. जाहिरातीतल्या दरावर 18 टक्के जीएसटी बहुधा वेगळा असतो. कॅमेऱ्याचा डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा) बाहेरून थेट आयपीवर, म्हणजे नेटवरच्या पत्त्यावर, बघायचा असेल तर राउटरमधला वॅन आयपी (कंपनीने दिलेला पत्ता) तपासा. तो 100.64 ते 100.127 यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून थेट डीव्हीआरपर्यंत वाट करून देणं, चालणार नाही. मग स्टॅटिक (कायमचा, स्वतःचा) आयपी लागेल; त्याचे वेगळे पैसे विचारून घ्या. कॅमेरा क्लाउडच्या ॲपवर चालत असेल तर अडत नाही.

वर्षाचे पैसे एकदम भरू नका, सवलत कितीही गोड वाटली तरी. आधी एक महिना घ्या, जमल्यास जूनचा; वादळ-पावसात लाइन कशी टिकते ते कळेल.

मळ्यात फायबर पोहोचलंच नसेल तर 5जी एअर कनेक्शन (वायरीशिवाय, मोबाइल टॉवरवरून येणारं नेट) उरतं. त्याआधी त्याच कंपनीचं 5जी सिम घालून फोन घेऊन गच्चीवर, टॉवरच्या बाजूच्या कोपऱ्यात उभे राहा, आणि रात्री 9 वाजता सलग तीन दिवस स्पीड मोजा. सकाळचा आकडा धरू नका. तेव्हा टॉवर रिकामा असतो.