तळटीप क्रमांक १७

विभागाचं तत्त्वज्ञानाचं नियतकालिक काढायचं म्हणजे निम्मा जन्म तळटिपांत जातो. आज परीक्षकांकडे पाठवायचा लेख उघडला. लेख कुणाचा हे परीक्षकांना कळू नये म्हणून लेखकाचं नाव काढलेलं, फाईलचं नावही बदललेलं, सगळं चोख. आणि तळटीप १७ मध्ये स्वारी म्हणते, ‘मी माझ्या प्रबंधात दाखवल्याप्रमाणे...’ झालं! गुप्तता गेली उडत. लेख परत.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचा तत्त्वज्ञान विभाग १८९२ पासून ‘फिलॉसॉफिकल रिव्ह्यू’ हे नियतकालिक काढतोय. तत्त्वज्ञ थॉमस नेगेल यांचा वटवाघळाच्या अनुभवावरचा गाजलेला लेख १९७४ मध्ये तिथेच आला. त्याची मुद्रितं कुणी तपासली, कोण विचारतं? (मला मात्र त्या माणसाचा हेवा वाटतो.)

संध्याकाळी ‘सत्’च्या (म्हणजे अस्तित्वाच्या) जागी ‘सत्य’ पडलेलं सापडलं. तीन ठिकाणी. तेही तिसऱ्या वाचनात.