लिबर्टीचं तांबं आणि वर्गणीचा चौथरा

न्यूयॉर्कच्या बंदरातला लिबर्टीचा पुतळा ओतीव नाही. आतून पोकळ, आणि बाहेरचा तांब्याचा पत्रा जेमतेम २.४ मिलिमीटर जाड. फ्रान्सनं अमेरिकेला दिलेली एवढी मोठी भेट हातानं ठोकून घडवली आहे! आमचे आप्पा धुळ्यात तांबटकाम करायचे. बंब, हंडे, घागरी. त्यामुळे यातले कष्ट मला कळतात. ठोकत गेलं की तांबं कडक होतं. मग भट्टीत लाल करून नरम करायचं, पुन्हा ठोकायचं, शेवटी मठारायचं, म्हणजे हलके ठोके देऊन सारखं करायचं. पॅरिसमध्ये शिल्पकार बार्थोल्दीच्या कारागिरांनी लाकडी साचे केले आणि त्यांवर पत्रा ठोकून चेहरा, बोटं, वस्त्राच्या चुण्या उतरवल्या. असे तीनशेच्या वर तुकडे! आतला लोखंडी सांगाडा गुस्ताव आयफेलचा.

पण माझा जीव जडलाय तो चौथऱ्यावर.

पुतळा फ्रेंचांनी द्यायचा, चौथरा अमेरिकेनं बांधायचा, असं ठरलं होतं. तिकडे फ्रेंच लोकांनी वर्गणी काढून पुतळा पुरा केला, इकडे चौथऱ्याचे पैसे संपले. जून १८८५ मध्ये पुतळ्याच्या पेट्या बंदरात आल्या तेव्हा काम अर्धवटच होतं. जोसेफ पुलित्झरनं आपल्या ‘वर्ल्ड’ वर्तमानपत्रातून लोकांना हाक दिली होती: जो देईल त्याचं नाव छापू, रक्कम कितीही लहान असो. आपल्याकडे देवळातल्या संगमरवरी पाटीवर अकरा रुपयेवाल्याचं नाव क्वचितच येतं. तिथे पोरांनी साठवलेली नाणीसुद्धा छापून आली. एक लाख वीस हजारांहून जास्त लोकांनी मिळून लाखभर डॉलर जमवले, बहुतेकांनी एक डॉलरहूनही कमी दिले. २८ ऑक्टोबर १८८६ ला पुतळ्याचं अनावरण झालं.

माझी आजी म्हणायची, "देनं सोपं शे, पन घेनाराले बी घरमा जागा करनी पडस." दोन देशांच्या मैत्रीचे पुतळे आता पुष्कळ उभे राहतात. मंत्री येतात, पडदा सरकतो, फोटो निघतात. त्यात घेणाऱ्या गावच्या लोकांचा एक रुपया तरी असावा, असं मला मनापासून वाटतं.

अमेरिकेनं परतफेडही केली. पॅरिसमध्ये राहणाऱ्या अमेरिकनांनी १८८९ मध्ये लहान लिबर्टी त्या शहराला दिली. ती सीन नदीतल्या बेटावर उभी आहे. तिच्या हातातल्या पाटीवर ४ जुलै १७७६ च्या जोडीला १४ जुलै १७८९ आहे.

मूळ पुतळ्याची मशाल पुढे पार खराब झाली. शंभरीच्या आधी नवी करायची ठरली, तेव्हा फ्रान्समधल्या रेंसहून कारागीर न्यूयॉर्कला आले. पुन्हा तांब्याचा पत्रा, पुन्हा हातोडी, ज्योतीवर सोन्याचा वर्ख. शंभर वर्षांनी त्याच देशाचे हात त्याच कामाला लागले, हे वाचून मला आप्पांची फार आठवण आली. जुनी मशाल न्यूयॉर्कला, मूळ पुतळ्याच्याच बेटावरच्या संग्रहालयात आहे. धुळे-जळगावची कितीतरी मुलं आता तिकडे असतात. त्यांनी पुतळ्याबरोबर फोटो काढून परत फिरू नये, ती मशालही जवळ जाऊन बघावी.