तुम्ही विचारलंत म्हणून: छोट्या पक्षाची इमेज

"तुम्ही छोट्या पक्षाचं काम करता ना, मग सांगा, लोकांच्या मनातली इमेज सुधारायची कशी?" हे इतके जण विचारतात की म्हटलं एकदाच लिहून टाकते.

लोगो, घोषणा, रील्स सगळं नंतर बघू. प्रचारात एका काकूंनी आमचं पत्रक दोन्ही बाजूंनी नीट वाचलं, कोपऱ्यावरचा दिवा कधीचा बंद आहे तेही सांगितलं, आणि मग म्हणाल्या, "माणसं चांगली आहात गं, पण तुम्ही येणार नाही निवडून, मत वाया कशाला घालवू?" मला ते फार लागलं, कारण आमच्यावर त्यांचा राग नव्हताच, आमच्या हातून काही होईल असं त्यांना वाटतच नव्हतं.

ब्रिटनच्या लिबरल पक्षाचं मी नेहमी सांगते. त्यांनी 1970 साली ठरवलं की निवडणूक असो नसो, वस्तीतल्या लोकांबरोबर वर्षभर काम करायचं. त्यांची 'फोकस' पत्रकं घरोघर जायची, त्यात मोठमोठी भाषणं नाहीत, फुटलेले फुटपाथ आणि त्यांचं काय झालं ते. मी त्यात अजून एक ओळ घालीन, काय राहिलं आणि का. आपलं न झालेलं काम स्वतःहून सांगणारा पक्ष लोकांनी बघितलेलाच नसतो हो!

आणि शब्द पाळा. याच पक्षाचे वारस लिबरल डेमोक्रॅट्स, 2010 ला विद्यापीठाची फी वाढवायला विरोध करू असं सही करून दिलं, 57 खासदार आले, सत्तेत गेले आणि फीची मर्यादा 9,000 पौंडांवर गेली. 2015 ला उरले 8.

मत वाया जाण्याचं म्हणाल तर 2019 ला त्यांना साधारण 11.5 टक्के मतं आणि 11 जागा, 2024 ला साधारण 12 टक्के आणि 72 जागा. सत्ताधाऱ्यांवर लोक चिडलेले होते हे खरंच, पण जिंकता येतील तिथेच त्यांनी ताकद लावली होती. सगळीकडे थोडं थोडं लढून डिपॉझिट घालवण्यापेक्षा मोजक्या जागा धरा, आणि मागच्या वेळी तिथे किती मतं कमी पडली तो आकडा दारोदार सांगा.

निकालानंतर दोन आठवड्यांनी मी त्या काकूंकडे परत गेले, आम्ही हरलो होतो. "आता कशाला आलीस?" म्हणाल्या. म्हटलं, दिव्याचं विचारायला. त्या आत गेल्या आणि वही घेऊन आल्या, तिच्यात तीन तक्रारींचे नंबर तारखेसकट लिहिलेले होते.