नाडी लागतीय ना?

नाईटची तिसरी रात्र संपली. घरी येऊन दोन तास झाले, डोळा लागत नाही, म्हणून लिहीत बसलेय.

ऊसतोड सुरू झाली की आमच्या ऑर्थो वॉर्डात ट्रॅक्टर-ट्रॉलीवाले यायला लागतात. कालचा पंचविशीतला, बीडकडचा. मोळ्या भरताना ट्रॉलीचा फाळका पायावर पडला आणि नडगी मोडली. कातडी फुटलेली नव्हती. स्लॅब (अर्धं प्लास्टर, वरून पट्टी) घातला, पाय दोन उशांवर ठेवला, दहा वाजता इंजेक्शन दिलं. नेहमीचंच.

साडेअकराला त्याची बायको टेबलापाशी. "सिस्टर, लई कळा निघायल्यात त्यायला. अजून एक सुई द्या की."

मामा स्ट्रेचर ढकलता ढकलता म्हणाले, "नाटकं करायलाय." खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच आलं होतं. पुढचा डोस कधीचा ते फाईलमध्ये बघत होते.

उठले ते एका जुन्या हातामुळे. मी नवीन होते तेव्हा आठेक वर्षांचं पोर आणलं होतं. कोपराजवळ हाड मोडलेलं, हाडवैद्यानं कामट्या लावून करकचून बांधलेलं. तीन दिवस ते रडत होतं आणि घरचे म्हणत होते, हाड मोडलं तर दुखणारच. त्याची बोटं तळव्याकडे आखडली ती कायमची. घट्ट पट्टीनं रक्त अडून हात असा होतो, हे फोल्कमान नावाच्या जर्मन सर्जननं १८८१ सालीच लिहून ठेवलंय. आमच्याकडे कामट्या अजून सुटलेल्या नाहीत.

खाटेपाशी गेले. बोटं गरम, पायावर नाडी लागत होती. अंगठा नुसता खाली वाकवला तर गडी खाटेवरून उठलाच. अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात कापूस फिरवला, त्याला कळेना. पट्टीच्या कडेतून नडगीच्या बाहेरच्या अंगाला बोट दाबलं, बुडेना.

ड्युटीवरच्या डॉक्टरांना फोन लावला. "नाडी लागतीय ना सिस्टर? मग ट्रामाडॉल द्या, सकाळी बघू." म्हणजे दुखण्याची आणखी एक सुई.

या नाडीनंच घात होतो. स्नायूंवरचं आवरण ताणत नाही, सूज आतल्या आत कोंडते आणि आधी दबतात त्या बारीक वाहिन्या. मोठी धमनी बराच वेळ चालूच राहते. यालाच कम्पार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. नाडी जाईपर्यंत थांबलं तर स्नायू आधीच गेलेला असतो. हातात तास असतात पाच-सहा, तेही मार लागल्यापासून नाही तर दाब वाढल्यापासून, आणि तो कधी वाढला ते कोण सांगणार? वर दुखणं दाबणारी सुई दिली की सांगणारा एकमेव साक्षीदारही गप्प.

म्हटलं, "सर, कम्पार्टमेंट वाटतंय. येऊन बघा." वीस मिनिटं वाट पाहिली आणि वरच्या सरांना लावला. उद्या बोलणी बसतील, बसू देत. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. अंगठा वाकवल्यावर काय होतं? बीपी किती? १००/६०. म्हणाले, स्लॅब उघडा, निघालोच.

पट्टी कापली तरी खालचा कापूस वाळून पापडासारखा कडक झाला होता. तोही कातडीपर्यंत कापला. दोन्ही उशा काढल्या, पाय छातीच्या पातळीला आणला. उंच ठेवला की आधीच कमी असलेलं रक्त आणखी कमी पोचतं. त्या उशा मीच ठेवायला सांगितल्या होत्या. ऑपरेशन लागलं तर म्हणून पाणीसुद्धा बंद केलं, वेळ लिहिली: १२:२५. कळ तसूभर कमी झाली, तेवढीच.

स्नायूंच्या आतला दाब मोजायचं यंत्र आमच्याकडे नाही. सरांनी अंगठा वाकवून पाहिला आणि सरळ ऑपरेशन थिएटरला कळवलं. दोन्ही बाजूंनी लांब चिरा, नडगीभोवतीच्या स्नायूंचे चारही कप्पे मोकळे. आतला स्नायू लाल होता, चिमटा लावल्यावर आखडला, म्हणजे जिवंत होता.

पहाटे बायको विचारत होती, "येवढा पाय चिरला आन् शिवला का न्हाई?"

"शिवला तर परत आत कोंडंल गं. चार-सहा दिवसांनी बघतील."

तिनं मान डोलावली, पटलं नव्हतंच. सकाळच्या सिस्टरला हँडओव्हर दिला: लघवीचा रंग बघत राहा, काळ्या चहासारखी दिसली तर लगेच सांगा. आणि बेचक्यात दर तासाला कापूस फिरवा. सहा वाजता फिरवला तेव्हा "काहीतरी लागायलंय" म्हणाला.