बन्याला शाळेतच राहू द्या

२०१७ साली ‘फास्टर फेणे’ हा सिनेमा लागला तेव्हा मी पहिल्याच आठवड्यात जाऊन बघितला आणि मला तो मनापासून आवडला. आदित्य सरपोतदारांनी पुणं काय दाखवलंय, अमेय वाघ काय पळालाय, गिरीश कुलकर्णींचा खलनायक तर अंगावरच येतो. पण बरोबर नेलेली माझी भाची मध्यंतरातच म्हणाली, ‘‘आत्या, हा तर दादा आहे की गं. बन्या कुठाय?’’

तिला मी भा. रा. भागवतांची पुस्तकं रात्री वाचून दाखवायची. त्यातला बनेश फेणे म्हणजे फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात शिकायला आलेला किडकिडीत शाळकरी पोरगा. पडद्यावरचा फेणे डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेला बसलेला, आणि गोष्ट त्या परीक्षेतल्या घोटाळ्याची. रस्त्यावरचा एक चुणचुणीत पोरगा होता सिनेमात, पण गोष्ट त्याची नव्हती. थरारपट उत्तम जमला होता. तो तिसरीतल्या मुलीसाठी नव्हता, एवढंच.

असं का होतं ते मला समजतं. ज्यांनी लहानपणी पुस्तक वाचलं ते आता चाळिशी-पन्नाशीत आहेत आणि तिकीट तेच काढतात. मग नायकालाही त्यांच्याबरोबर मोठं केलं जातं. पण बन्याच्या साहसातली सगळी गंमत त्याच्या लहान असण्यात आहे. मोठा माणूस सरळ पोलिसांत जाईल. बन्याचं म्हणणं कुणी ऐकून घेईल याचीच खात्री नाही, म्हणून तर त्याला सायकलवर टांग मारावी लागते. खिशात पैसे नाहीत, अंधार पडायच्या आत परतायचंय, आणि थोरांनी ‘तू गप बस’ म्हटलेलं आहे. ह्या अडचणी काढून घेतल्या तर मागे उरतं ते नाव आणि त्याचं ते जिभेनं काढलेलं ‘ट्टॉक’.

मी शाळेत चित्रकला शिकवते. आठवड्यातून एकदा कुठलीतरी गोष्ट मोठ्यानं वाचते, ऐन रंगात आली की थांबते आणि पोरांना म्हणते, पुढचं काढा. फेणे वाचला त्या दिवशीची एक वही मी जपून ठेवली आहे. पाचवीतल्या मुलानं पानभर नुसती धूळ काढलीय, खडू आडवा धरून घासलेली. उजव्या कोपऱ्यात सायकलचं मागचं चाक, तेही अर्धंच, कारण बाकीची सायकल पानाबाहेर निघून गेलेली. बन्या चित्रात नाहीच. कुठल्याही सिनेमावाल्यानं ही चौकट डोळे झाकून घ्यावी. शेजारच्या मुलीला मात्र वेगळीच काळजी होती. ‘‘बाई, तो आत शिरणार तर सायकल कुठं लावणार? चोरीला गेली म्हंजे?’’ खरंच आहे. सायकल गेली तर गोष्टच संपली.

आपल्याकडे पोरांना पोरंच ठेवून सिनेमा झालाय, तो ‘चिंटू’. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर १९९१पासून ‘सकाळ’मध्ये चिंटू काढायचे. मोजक्या चौकटींत विषय संपायचा, त्यात साहस वगैरे काही नसायचं. त्यातून अख्खा सिनेमा उभा करणं अवघड काम, कारण व्यंगचित्रात दोन चौकटींच्या मधलं वाचणारा स्वतः भरतो आणि पडद्यावर तेच सगळं दाखवावं लागतं. श्रीरंग गोडबोल्यांनी २०१२मध्ये ते केलं. भांडण कशावरून, तर खेळायच्या मैदानावरून! पोरांच्या जगात याहून मोठं संकट कुठलं असतं? पुढच्याच वर्षीच्या दुसऱ्या भागात शिबिर आणि खजिना आला. तोही बघायला छान आहे, पण मला पहिलाच जास्त खरा वाटतो.

या बाबतीत मी गुरू मानते सत्यजित राय यांना. त्यांनी १९७१मध्ये ‘सोनार केल्ला’ ही फेलूदा या गुप्तहेराची कादंबरी लिहिली आणि १९७४मध्ये तिचा सिनेमाही स्वतःच केला. पुस्तकात खरे बदमाश कोण हे बऱ्याच उशिरा कळतं. सिनेमात रायांनी ते सुरुवातीलाच दाखवून टाकलं. स्वतःच्याच रहस्यकथेतलं रहस्य स्वतः फोडलं! का, ते मला पोरांबरोबर बघताना उमगलं. शेवटी हिरो उभा राहून दहा मिनिटं उलगडा करायला लागला की पोरं चुळबुळतात. इथं उलट होतं. फेलूदाला माहीत नाही आणि आपल्याला माहीत आहे, म्हणून सगळा वर्ग ओरडत होता, ‘‘ओ, तोच हाय! त्याच्या गाडीत बसू नका!’’ बंगाली कुणालाच येत नव्हतं, मी मधूनमधून सांगत होते, आणि नंतर नंतर मला कुणी विचारेनासं झालं. पुस्तकावर माया असलेला माणूस पुस्तक असं बदलतो. मुकुल हा छोटा मुलगा मात्र त्यांनी छोटाच ठेवला.

बजेट नाही, हे कारण तर मला कुणी सांगूच नये. रायांनी आजोबा उपेंद्रकिशोरांच्या गोष्टीवरून १९६९मध्ये ‘गुपी गाइन बाघा बाइन’ केला तेव्हा रंगीत फिल्मला पैसे नव्हते. शेवटचा तुकडा रंगीत, बाकी सगळा कृष्णधवल. त्यातला भुतांचा नाच पोरं आजही तोंड उघडं टाकून बघतात.

आणि कोल्हापुराला तर हे सांगायला नको. बाबूराव पेंटरांनी ह. ना. आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवरून १९२३मध्ये ‘सिंहगड’ केला, तो इथंच. त्यांच्या कंपनीचा कॅमेरासुद्धा इथंच घडवलेला. पुस्तकातून साहसपट काढायची ही आपली शंभर वर्षांपूर्वीची विद्या आहे. शाहू स्मारकमध्ये ‘चिल्लर पार्टी’वाले मुलांना जगभरचे बालचित्रपट दाखवतात, ते बघायला पोरं येतात. त्यात मराठी पुस्तकांवरचे का नसावेत?

मला एक सिनेमा हवाय. शाळकरी बन्या सुट्टीत कोल्हापुरात आलाय आणि भानगड पन्हाळ्यावर आहे. अंधारबाव या तिथल्या जुन्या विहिरीचे तीन मजले, खाली पाणी आणि बाहेर पडायची चोरवाट, एवढं आयतं कुठं मिळणार? सेट लावायला नको. जुलैतलं धुकं तर तिथं फुकट आहे.

वर्गात हे बोलले तर पोरांनी लगेच सूचना द्यायला सुरुवात केली. कुत्रं पाहिजे. मुलगी पाहिजे आणि तिनं नुसतं किंचाळायचं नाही. मोबाईल असू दे, पण गडावर रेंज जाऊ दे. आणि रोज गडावरून खाली शाळेला येणारा एकजण म्हणाला, वाघबिळाच्या चढाला बन्याची दमछाक दाखवायची, सायकलवरून उतरून ढकलत न्यायला लावायची. नाहीतर आपण मानणार नाही.