हर-२ चा रिपोर्ट फॉर्मलीनच्या बाटलीतच बिघडतो

स्तनाच्या कर्करोगाच्या गाठीत हर-२ हा रिसेप्टर तपासतात. पेशीच्या पडद्यावरचे रिसेप्टर बाहेरचा निरोप आत पोचवतात. बहुतेकांना वाढीचा घटक येऊन चिकटेपर्यंत थांबावे लागते. हर-२ चे तसे नाही. त्याला चिकटणारा स्वतःचा घटकच सापडलेला नाही, तो कायम जोडी जमवायला मोकळा. १७ व्या क्रोमोसोमवरच्या त्याच्या जीनच्या प्रती वाढल्या की पडद्यावर गर्दी होते, रिसेप्टर आपापसांत जोड्या जमवतात आणि ‘वाढ, विभाग’ हा हुकूम थांबतच नाही. स्तनाच्या कर्करोगात साधारण १५ ते २० टक्के गाठी अशा असतात. १९९८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले ट्रॅस्टुझुमॅब हे औषध याच रिसेप्टरवर बसते, म्हणून तपासणी चुकली तर रुग्णाचे हक्काचे औषध हुकते.

आणि चूक बहुधा मायक्रोस्कोपच्या आधीच झालेली असते. गोव्यात फॉर्मलीन म्हटले की २०१८ चे मासळी प्रकरण आठवते, पण काढलेली गाठ टिकवायला ते हवेच, आणि योग्य हवे. १०० मिली फॉर्मलीन, ९०० मिली पाणी, ४ ग्रॅम सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट, ६.५ ग्रॅम निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट. हे फॉस्फेट क्षार न घातलेले फॉर्मलीन आम्लधर्मी होत जाते. गाठ काढल्यावर तासाच्या आत त्यात जायला हवी. ‘तोवर सलाइनमध्ये ठेवू’ म्हणून काणकोणहून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजपर्यंत तशीच आणली तर उन्हाळ्यात प्रथिने वाटेतच कुजू लागतात. मोठा तुकडा अख्खा बुडवणेही तितकेच वाईट. फॉर्मलीन तासाला जेमतेम मिलिमीटरभर आत शिरते, बाहेर टणक आणि आत कच्चे राहते. ५ मिमीचे काप पाडा, द्रव तुकड्याच्या किमान दसपट घ्या, रुंद तोंडाची बाटली वापरा.

फॉर्मलीनमध्ये ठेवायची मुदत ६ ते ७२ तास. चवथीच्या सुट्टीत बाटली कपाटात पडून राहते ती इथेच मोडते.

मग कापावर हर-२ ला रंग चढवून ० ते ३+ असा गुण देतात. सगळे नीट झाले तर ३+ ओळखायला कष्ट नाहीत: पागेराच्या (मासे धरायच्या जाळ्याच्या) विणीसारखी गडद तपकिरी कड पेशीभोवती पूर्ण फिरलेली, १० टक्क्यांहून जास्त पेशींत. २+ म्हणजे निकाल नव्हे. तिथे फिश (FISH) ही चाचणी करून जीनच्या प्रती मोजाव्याच लागतात. फॉर्मवर दोन वेळांची नोंद करा: गाठ काढल्याची आणि फॉर्मलीनमध्ये टाकल्याची. त्या नसतील तर ‘निगेटिव्ह’ वर सही करताना पॅथॉलॉजिस्टकडे विश्वास ठेवायला काहीच उरत नाही.